विद्या, समता आणि परदेशगमन

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. त्यावर अध्यापनाची पदविका. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेली. सबब विद्वत्तेचा आव आणण्याचे आम्हांस कारण नाही. जे वाचले, जे डोळ्यांनी पाहिले आणि ज्याविषयी बरेच दिवस मनात घोळत आहे, ते आपणांपुढे ठेवावयाचे एवढाच आमचा हेतू आहे.

विषयाचे निमित्त आपणांस ठाऊकच आहे. यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे एक सूचना आली आहे. आपल्या शिक्षणनिधीच्या व्याजातून परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्जे द्यावीत, आणि ती रक्कम उभी करण्यासाठी शालेय विद्यार्थ्यांना वह्या, पुस्तके व वसतिगृहाचे शुल्क ह्यांकरिता दिली जाणारी मदत तूर्त आवरती घ्यावी, अशी ती सूचना होय. ती मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे ह्याविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. एक मुलगा परदेशी गेला की सारे घर वर येते, असे ते म्हणतात. आणि आपल्यापैकी काही घरांचा अनुभवही तसाच आहे. तथापि हा प्रश्न आपल्या निधीपुरता मर्यादित नाही. हाती पैसा थोडा आणि शिकावयाचे आहेत पुष्कळ, अशा वेळी खर्च आधी कोणावर करावा, हा प्रश्न परक्यांच्या सत्तेतून मुक्त झालेल्या प्रत्येक गरीब देशाला पडला. त्यांनी काय केले आणि त्याचे काय झाले, हे पाहून मग आपण मत द्यावे, अशी आमची विनंती आहे.

ह्या वादाची सुरुवात आपल्याच प्रांतात झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८८२ साली हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला, तेव्हा जोतीराव फुले ह्यांनी त्यापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टांतून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च विद्येकडे जातो, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. वरच्यांना शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, ही सरकारी समजूत त्यांनी खोडून काढली आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सबंध संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात त्याच मागणीचे विधेयक आणले. दुसऱ्याच वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. संस्थानिकांना जे जमले ते इंग्रज सरकारला परवडले नाही.

स्वातंत्र्य आले तेव्हा हिशेब चुकता करण्याची संधी आली. १९५१ च्या शिरगणतीत साक्षर माणसे शंभरांत अठरा निघाली. स्त्रिया तर शंभरांत नऊसुद्धा नव्हत्या. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यसंस्थेस बजाविले. म्हणजे मुदत १९६० ची. प्रत्यक्षात शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत आला तो २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने, आणि त्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. दहा वर्षांच्या कामास साठ वर्षे लागली.

मधल्या काळात पैसा कोठे गेला? पहिल्या पंचवार्षिक योजनेत शिक्षणाच्या तरतुदीपैकी निम्म्याहून अधिक वाटा प्राथमिक शिक्षणाचा होता. दुसऱ्या योजनेत तो एकतृतीयांशाच्या आसपास उतरला, आणि विद्यापीठे व तंत्रशिक्षण ह्यांचा वाटा वाढला. ह्यास कारणे होती, ती नाकारणे अन्यायाचे होईल. भिलाई, रूरकेला, दुर्गापूर येथे पोलादाचे कारखाने उभे राहावयाचे होते, धरणे बांधावयाची होती, आणि प्रत्येक कामास परदेशी इंजिनिअर आणणे परवडणारे नव्हते. त्यासाठीच १९५१ साली खरगपूर, १९५८ साली पवई, १९५९ साली मद्रास व कानपूर आणि १९६१ साली दिल्ली अशा तंत्रज्ञान संस्था निघाल्या, ज्यांना आज सारे आय. आय. टी. म्हणून ओळखतात. पवईस रशियाने हातभार लावला, मद्रासला जर्मनीने, कानपुरास अमेरिकेने, दिल्लीस इंग्लंडने. विद्यार्थ्यास फी नाममात्र. खर्चाचा सारा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे काडेपेटीवरही कर भरणाऱ्या माणसावर.

आणि ह्या संस्थांतून पहिली फळे हाती येऊ लागली त्याच सुमारास अमेरिकेने १९६५ साली परदेशीयांच्या प्रवेशाचा आपला जुना कायदा बदलला. कोणत्या देशातून किती माणसे घ्यावयाची ही पूर्वीची वाटणी गेली, आणि डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ ह्यांना दार उघडले. इंग्लंडातील सरकारी आरोग्यसेवेने तर आपल्या डॉक्टरांवरच आपली कितीतरी रुग्णालये चालविली. पवईच्या संस्थेतील प्राध्यापक सुखात्मे, जे स्वतः अमेरिकेत शिकून परतले आणि पुढे त्या संस्थेचे संचालक झाले, त्यांनी ह्या प्रश्नाचा नीट अभ्यास केला. १९७३ ते १९७७ ह्या वर्षांत पवईतून पदवी घेतलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के परदेशी स्थायिक झाले असे त्यांस आढळले. देशातील एकंदर इंजिनिअरांत हेच प्रमाण सात टक्क्यांच्या जवळपास होते. ज्याच्यावर देशाने अधिक खर्च केला तोच अधिक गेला.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची गोष्ट ह्याहूनही बोलकी आहे. १९८९ ते २००० ह्या काळात तेथून बाहेर पडलेल्या डॉक्टरांची पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, परदेशी राहत होते. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटली ती दुसरीच नोंद. राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्यांच्या मानाने खुल्या जागांवर आलेले विद्यार्थी परदेशी असण्याचा संभव दुप्पट होता. राखीव जागांमुळे गुणवत्ता देश सोडून जाते, असे आपल्या बैठकांतून आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्या राखीव जागांवर बसलेलेच देशातील रोग्यांच्या उपयोगी अधिक पडले, हे ह्या पाहणीतून दिसते. ह्यावर ज्ञातिबांधवांनी शांतपणे विचार करावा.

आता दुसऱ्या एका देशांतराविषयी बोलतो, कारण ते आम्ही फार जवळून पाहिले आहे. आमची बरीच नोकरी ज्या भागात झाली, तेथून दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीस निघतात. मुकादम पावसाळ्यातच घरी येऊन उचल देऊन जातो. नवराबायको मिळून एक कोयता. ती उचल फिटेपर्यंत त्या कोयत्याने त्याच मुकादमाच्या टोळीत राबावयाचे. बैलगाडीवर भांडीकुंडी, वर कोंबड्या, आणि त्यांवर आमचे विद्यार्थी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की निम्मे बाक रिकामे. चैत्र-वैशाखात मुले परत येत, तोवर वार्षिक परीक्षा झालेली असे किंवा तोंडावर आलेली असे, आणि पोरे जोडाक्षरेसुद्धा विसरलेली असत. हंगामी वसतिगृहांची योजना सरकारने पुढे काढली. पण आईबाप जेथे पोटासाठी गेले तेथेच धाकट्या भावंडाला सांभाळण्यास थोरली बहीण लागते, हे योजनेस कळत नाही. चौथीत असलेली एक मुलगी आम्हांस चांगली आठवते. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, आणि आम्ही हौसेने शिकविलेली पावकी-निमकीसुद्धा ती न अडखळता म्हणे. तोंडी हिशेबात ती आम्हांसही मागे टाकी. पाचवीस तिने नाव घातले, पण दिवाळीनंतर ती परतली नाही. काही वर्षांनी तिच्याच धाकट्या भावाकडून कळले की तिचे लग्न झाले आणि ती आता स्वतः अर्धा कोयता झाली आहे.

त्या उचलीची गोष्ट मुद्दाम सांगितली. ऊसतोड्याने काही हजारांची उचल घेतली तर तो वर्षभर बांधला जातो. फेडीशिवाय सुटका नाही. पवईस किंवा दिल्लीस शिकलेल्याने देशाकडून जी उचल घेतली ती फेडण्याचे कोणतेही बंधन त्याच्यावर नव्हते. दोघेही घर सोडून गेले, दोघेही आपापल्या परीने कुशल. एकास विमानतळावर हार घातले जातात. दुसऱ्याच्या मुलीचे नाव हजेरीपटावरून कमी होते.

मग जाणाऱ्यास दोष द्यावा काय? आमचे मत तसे नाही. माणसाला बांधून ठेवण्याचा उपाय किती लटका आहे, ह्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. परतल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी, असा करार होता. १९१७ साली ते करार पाळण्यास बडोद्यास आले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या ह्या पंडितास त्या राजधानीत राहावयास जागा मिळेना. पारशांच्या पथिकाश्रमात नाव बदलून राहिले, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. विद्वानाने करार पाळला. गावाने तो पाळू दिला नाही. आपण आज ज्या संमेलनास बसलो आहोत ते एका ज्ञातीचे आहे, म्हणून ही गोष्ट आपण इतरांपेक्षा अधिक लक्षात ठेवावी. गुणी माणूस देश सोडतो त्यास पगार हे एक कारण असेल. बढतीच्या वेळी कामाआधी आडनाव पाहिले जाणे हेही एक आहे, आणि वशिला हेही आहे.

करारांचा अनुभव पुढेही फारसा निराळा नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरांनी काही काळ खेड्यात सेवा करावी असे बंधन आपल्या राज्यात घातले गेले. पुष्कळांनी दंड भरून किंवा न भरताही ते चुकविले. जन्माने मुंबईकर असलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती ह्यांनी १९७० च्या दशकात निराळी कल्पना सुचविली. गरीब देशातून श्रीमंत देशात गेलेल्या कुशल माणसाच्या मिळकतीवर तेथेच काही वर्षे थोडा अधिक कर बसवावा आणि तो पैसा गरीब देशांच्या विकासास द्यावा. कल्पना न्यायाची होती. पण ज्यांना आयती शिकलेली माणसे फुकट मिळत होती, ते श्रीमंत देश तो कर कशास बसवितील? ती कागदावरच राहिली.

काही जण म्हणतील, मग वरच्या शिक्षणावर खर्चच करू नये. हाही एकांगी विचार होय, आणि त्यासाठी आपल्यासारख्याच नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकेकडे पाहावे. तेथील काही देशांची अवस्था आपल्याहून बिकट होती. १९६४ साली झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा सबंध देशात पदवीधर शंभरांच्या आसपास होते. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे हे पेशाने शाळामास्तर. लोक त्यांना अखेरपर्यंत ‘मवालिमु’, म्हणजे गुरुजी, असेच म्हणत. १९६७ साली त्यांनी स्वावलंबनासाठी शिक्षण असे धोरण जाहीर केले. बहुतेक मुले प्राथमिक शाळेपुढे जाणारच नाहीत, तेव्हा ती शाळा वरच्या परीक्षेची पायरी न राहता स्वतःच पुरे शिक्षण देणारी असावी, असा त्यांचा आग्रह. १९७० च्या दशकात त्यांनी गावोगाव प्राथमिक शाळा नेल्या आणि माध्यमिक शाळा मुद्दाम मोजक्या ठेवल्या. साक्षरता झपाट्याने वाढली. पण माध्यमिक शिक्षणात तो देश शेजाऱ्यांच्याही मागे पडला, शिकलेले शिक्षक अपुरे पडू लागले, आणि किलिमांजारोच्या उतारावरील कॉफीचे सधन बागाईतदार आपल्या मुलांसाठी स्वतःच्या माध्यमिक शाळा काढते झाले. विषमतेला समोरचे दार बंद केले, ती परसदारातून आली. एका शिक्षकाने चालविलेल्या राज्याची ही कहाणी वाचून आम्हांस अभिमानही वाटला आणि हळहळही.

घानात उलट झाले. १९६१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे अक्रास वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. परंतु अर्थव्यवस्था ढासळली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील प्रशिक्षित शिक्षक हजारोंनी तेलाने श्रीमंत झालेल्या नायजेरियात गेले. मागे वर्ग उरले ते अप्रशिक्षितांच्या हाती. डॉक्टर-इंजिनिअर गेल्याची ओरड होते. खेड्यातील मास्तर गेल्याची कोण करतो?

ह्या साऱ्यांत आम्हांस समाधान देणारे उदाहरण केरळचे. त्रावणकोरच्या राणीने १८१७ सालीच शिक्षणाचा खर्च राज्याने सोसावा असे फर्मान काढले होते; पुढे मिशनरी, समाजसुधारक आणि सरकारे ह्या सर्वांनी ती वाट रुंद केली, आणि १९९१ साली ते राज्य पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाले. केरळातूनही माणसे बाहेर गेली. किंबहुना आपल्याहून अधिक गेली. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जा, मल्याळी परिचारिका भेटतीलच. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तसे गवंडी, वायरमन, ड्रायव्हर, परिचारिका आखाती देशांत गेल्या. पण तेथे जाणारा थोड्यांतला एक नव्हता. सर्व थरांतील शिकलेल्यांपैकी होता. आखातात नागरिकत्व मिळत नाही, म्हणून माणूस मनाने गावातच राहिला आणि पैसा दरमहा घरी आला. त्या पैशातून घरे झाली, शाळेच्या फिया भरल्या गेल्या. २०२२ साली भारतात परदेशातून आलेली रक्कम शंभर अब्ज डॉलरांच्या वर गेली; तिच्यात केवळ संगणकवाल्यांचा वाटा नाही, ह्या गवंड्यांचा आणि परिचारिकांचाही आहे. ह्याचा अर्थ परदेशगमन थांबवावे असा नाही. पाया रुंद असेल तर जाणाराही गावाला काही देऊन जातो, एवढे आम्ही त्यातून घेतले.

आता काळ थोडा बदलला आहे, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तेव्हापासून शिक्षणाचा खर्च सरकारकडून पालकाकडे सरकू लागला. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा असे सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितले, कारण मधल्या काळात ते कधी झालेच नाही. आज परदेशी जाणारा मुलगा बहुधा बापाचे शेत किंवा सदनिका गहाण टाकून जातो. त्यास देशाचे पैसे घेऊन पळाला असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु म्हणूनच आपल्या निधीचा विचार अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा. ज्याच्याजवळ गहाण टाकण्यास काही आहे त्यास बँक कर्ज देते. आठवीतल्या मुलीच्या वसतिगृहशुल्कास कोणतीही बँक कर्ज देत नाही.

आपला निधी कसा जमला हे वृद्ध सभासदांस आठवत असेल. लग्नकार्यात आहेराबरोबर पाच-दहा रुपये पेटीत टाकून तो वाढला. ते टाकणाऱ्या बहुतेक बायका सही करण्याऐवजी अंगठा उठविणाऱ्या होत्या.

ह्यास्तव मूळ सूचनेस आम्ही एक दुरुस्ती लिहून दिली आहे. व्याजाचा दोनतृतीयांश भाग शालेय विद्यार्थ्यांसाठी, त्यातही मुलींच्या वसतिगृहशुल्कासाठी, राखून ठेवावा. उरलेल्या एकतृतीयांशातून परदेशी शिक्षणास कर्जे द्यावीत; पण कर्ज घेणाऱ्याने नोकरी लागल्यावर मुद्दलाबरोबरच एका शालेय विद्यार्थ्याचा तीन वर्षांचा खर्च निधीत भरावा. भगवतींचा कर देशांना बसविता आला नाही, आपणांस बसविता येईल. कारण कर्जदाराचे आजीआजोबा ह्याच मंडपात पुढच्या रांगेत बसलेले असतात, आणि त्यांच्यापासून वसुली सुटणे कठीण! तिसरे असे की, तालुक्याच्या गावी आपल्या वसतिगृहात दरवर्षी काही खाटा रिकाम्या राहतात. कार्तिक ते चैत्र ह्या हंगामात त्या ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींस द्याव्यात, मग त्या कोणत्याही ज्ञातीच्या असोत. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले. शंभर वर्षांनंतर आपणांस एवढे अवघड वाटू नये. ह्या तिसऱ्या भागास कार्यकारी मंडळातील काहींचा विरोध आहे हे आम्हांस ठाऊक आहे. तो त्यांनी सभेत उघडपणे मांडावा; आम्ही तेथे हजर आहोत.

दुरुस्तीची प्रत चिटणीसांकडे दिली आहे आणि तिच्या आणखी काही प्रती मंडपाच्या दाराशी ठेवल्या आहेत. ती वाचून ज्यांना पटेल त्यांनी अनुमोदनाची सही करावी. सूचना दुपारच्या सत्रात तिसऱ्या क्रमांकावर आहे.